ऑनबोर्ड डिस्प्ले गेला: कार्ड घालावं, बोर्ड बदलावा की दुसरा पीसी घ्यावा?

पंखा फिरतो, दिवा लागतो, नम लॉक दाबलं की कीबोर्डवरचा दिवा चालू-बंद होतो, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. म्हणजे पीसी जिवंत आहे, चित्र तेवढं बाहेर येत नाही. ठाणे स्टेशन परिसरात दाखवा नाहीतर वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, पर्याय तेच पुढे येतात: ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड किंवा ‘आता दुसराच घ्या’. माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांसाठी कमी वीज खाणारं साधं कार्ड हाच योग्य खर्च आहे आणि बोर्ड बदलणं हा सगळ्यात फसवा.

पण कार्ड घेण्याआधी एक गोष्ट तपासा. ‘ऑनबोर्ड’, म्हणजे चित्र तयार करणारा भाग (ग्राफिक्स) मदरबोर्डवरच, असं म्हणायची सवय इंटेलच्या जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातली. तेव्हा जी३१, जी४१ बोर्डांवर ग्राफिक्स खरंच चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपमध्ये, असायचं. २०११ मध्ये इंटेलचे दुसऱ्या पिढीचे आय३-आय५ आले आणि ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपमध्ये गेलं. बोर्डावर राहिले ते पोर्ट. पुढे २०१५ मध्ये, सहाव्या पिढीपासून, इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमधून व्हीजीए (जुन्या मॉनिटरच्या निळ्या पोर्टचा) सिग्नल थेट निघणंही थांबलं. तेव्हापासून बोर्डावरची एक छोटी चिप डिस्प्लेपोर्टच्या डिजिटल सिग्नलचं व्हीजीए करून देते. ती चिप गेली की निळं पोर्ट मरतं आणि शेजारचं एचडीएमआय ठणठणीत असतं. खाडीकाठच्या दमट हवेत राहिलेल्या पीसीचं व्हीजीए पोर्ट टॉर्च मारून पाहा. पिनांवर हिरवट थर दिसला तर आधी एचडीएमआय केबल लावून बघा. काम तेवढ्यावरच भागू शकतं.

दुसरा संशय रॅमवर. बिल्ट-इन ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. पडद्यावर रेघा, ठिपके येत असतील तर एकेक रॅम काढून चालवून बघा. रेघा बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या, पडद्यावरही असतील तर दोष हार्डवेअरचा. फक्त विंडोज उघडल्यावर येत असतील तर ड्रायव्हर नव्याने टाका.

हे सगळं करूनही पडदा काळाच असेल, तर मग निवडीचा प्रश्न येतो.

कार्ड की बोर्ड? कार्ड लांब स्लॉटमध्ये बसतं, विंडोज आणि डेटा जसाच्या तसा राहतो, आणि कार्ड लागलेलं बहुतेक बोर्ड आपोआप ओळखतात. नाहीच ओळखलं तर विजेची वायर काढून बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, काही मिनिटं काढून ठेवा. बायोस मूळ सेटिंगवर येतं. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळं उसकटणं: प्रोसेसरवरची पेस्ट, वायरी, पुन्हा जोडणी. वर पीसीसोबत आलेलं विंडोज लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, ते नव्या बोर्डावर चालेलच असं नाही. ब्रँडेड पीसीत तर बोर्डाचा आकार आणि पॉवरची पिनही वेगळी निघते. आणि मुख्य मुद्दा, दोष प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा असेल तर नव्या बोर्डावरही पडदा काळाच. यूएसबी पोर्ट, लॅन, आवाज असं सगळंच मान टाकू लागलं असेल किंवा बोर्डावरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले दिसत असतील, तर कार्ड घालून उपयोग नाही. तरीही तेव्हा मी बोर्डाऐवजी दुसऱ्या पीसीकडेच वळेन.

नुसता प्रोसेसर बदलायचा सल्ला कोणी दिला तर सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) नीट विचारा. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेट नावाला एकच, ११५१, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डावर चालत नाही. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये तर ग्राफिक्सच नसतं.

कुठलं कार्ड? स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ऑफिसच्या पीसीतल्या छोट्या एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) कार्डासाठी वेगळी वायर बहुतेक नसते, म्हणून त्या मर्यादेतच राहा. एनव्हिडियाचं जीटी ७१० कार्ड फक्त १९ वॅट खातं, त्यावर बहुधा व्हीजीए पोर्टही असतं. टॅली, टायपिंग, बँकेची कामं यांना ते पुरतं. पण यूट्यूबचे व्हीपी९ पद्धतीने आकसलेले व्हिडिओ ते स्वतः उलगडत नाही, तो भार प्रोसेसरवर येतो. शिवाय एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नेहमीचे नवे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबवले. जीटी १०३० हे ३० वॅटचं आणि व्हिडिओला उत्तम, मात्र खोक्यावर मेमरीचा प्रकार जीडीडीआर५ आहे हे वाचूनच घ्या. त्याच नावाने डीडीआर४ चं कार्डही विकलं जातं आणि त्याच्या मेमरीचा वेग जेमतेम एक तृतीयांश आहे. १०३० वर सहसा व्हीजीए नसतं. जुना मॉनिटर ठेवायचा असेल तर सिग्नल बदलणारा खरा कन्व्हर्टर लागेल, नुसता जोड चालत नाही. एएमडीचं आरएक्स ६४०० गेमसाठी ताकदवान, पण जुन्या बोर्डावर त्याला स्लॉटमधून पूर्ण वेग मिळत नाही. बंद पडलेल्या डिस्प्लेच्या जागी ते घेणं मला उधळपट्टी वाटते.

बारीक कॅबिनेट असेल तर खोक्यात कार्ड कॅबिनेटला अडकवायची आखूड पट्टी आहे ना, हे दुकानातच उघडून बघा. लांब पट्टीचं कार्ड स्लॉटात बसतं, पण झाकण लागत नाही.

यूएसबीतून एचडीएमआय देणारा अडॅप्टर इथे इलाज नाही. तो विंडोज आणि ड्रायव्हर सुरू झाल्यावरच चित्र देतो; बायोस दिसणार नाही.

कार्ड की दुसरा पीसी? इथे तारीख महत्त्वाची. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच लागते. तुमचा पीसी आठवीचा किंवा नंतरचा असेल तर बिनधास्त कार्ड घाला. त्याच्या आधीचा असेल तर नव्या कार्डावर पैसे घालू नका. कुणाकडे पडून असलेलं सेकंड हॅण्ड कार्ड लावून काही महिने काढा आणि आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड पीसी बघत राहा. घरी लिनक्स चालत असेल तर ही घाई नाही. वाशीच्या एपीएमसीतल्या गाळ्यावर मात्र, जिथे रोजची बिलं आणि बँक त्याच मशीनवर असते, तिथे सुरक्षेचे अपडेट नसलेला पीसी मी एक दिवसही ठेवणार नाही. मुलाच्या अभ्यासाचा आणि गावच्या लोकांशी व्हिडिओ कॉलचा पीसी असेल तर कार्डावर भागवता येईल, पण बँकेची कामं त्यावर करू नका.

खरेदीला जाताना रिकामे हात नकोत, कॅबिनेटच सोबत घ्या. दुकानदाराला कार्ड लावून, तुमच्याच मॉनिटरला लागणाऱ्या पोर्टवर व्हिडिओ चालवून दाखवायला सांगा आणि बिलावर मॉडेल, मेमरीचा प्रकार व वॉरंटी लिहून घ्या.