बर्घिया, सात महिन्यांनंतर: आधी ओव्हरफ्लोच्या तोंडाला स्पंज लावा

काल माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) उलटा करून धुताना त्यात एक मेलेली बर्घिया, म्हणजे बिनशंखाची छोटी समुद्री गोगलगाय, सापडली. जेमतेम नखाएवढी, पाठीवरचे झुबके अर्धे झडलेले. परवा रात्री ओव्हरफ्लोचा (टाकीचं पाणी जिथून फिल्टरकडे उतरतं त्या तोंडाचा) स्पंज धुवायला काढला आणि परत लावायचा राहिला, एवढीच चूक. त्या एका रात्रीत ती वाहून गेली. मन फार खट्टू झालं. सात महिन्यांचा अनुभव लिहायचा राहूनच जात होता, तो आज लिहितोय.

बर्घिया आयपटेशिया, म्हणजे टाकीत तणासारखं पसरणारं दंश करणारं समुद्रफूल, खाते हे सगळ्यांना माहीत असतं. ती पंपाच्या ओढीत मरते हे मात्र मला घेताना कुणीच सांगितलं नाही. सरपटणारा, मऊ, सेंटिमीटरभराचा हा जीव रात्रभर काचेवरून फिरतो. फिरत फिरत ओव्हरफ्लोच्या कंगव्यासारख्या दातऱ्यापाशी आला की तिथल्या फटी त्याच्यासाठी दरवाजाएवढ्या असतात. वेव्हमेकरची, म्हणजे टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाची, जाळीही तशीच.

माझ्याकडे आयपटेशिया एका प्रवाळाच्या तुकड्यासोबत आलं. एकच होतं, तेव्हा दुर्लक्ष केलं. नंतर सिरिंजने लिंबाचा रस मारून पाहिला, मग काल्कवासर (चुन्याचं पाणी). वरचं तोंड जळायचं, पण खडकाच्या भोकात पायाचा कण जरी उरला तरी त्यातून नवीन उगवायचं. चार महिन्यांत चाळिसाच्या पुढे गेली. पेपरमिंट कोळंब्या आणल्या. त्यांनी पंधरा दिवस काम केलं, मग माशांच्या खाण्याची चटक लागली आणि आयपटेशियाकडे ढुंकूनही पाहीनात.

शेवटी बर्घिया घ्यायचं ठरवलं आणि काटकसर करून फक्त चार घेतल्या. हा माझा सगळ्यात महागात पडलेला निर्णय. विक्रेत्याने सांगितलं, तापमान जुळलं की सरळ टाकीत सोडा. मी भर उजेडात सोडल्या. खाली पोहोचायच्या आत सिक्सलाइन रॅस या माशाने एक उचलली, दुसरी कोळंबीने ओढत नेली. उरलेल्या दोन परत दिसल्याच नाहीत. तक्रार केली तर उत्तर आलं, 'पिशवीत जिवंत होत्या ना, मग आमची जबाबदारी संपली.' टाकीत रॅस किंवा कोळंबी आहे का, एवढा एक प्रश्न विकताना विचारला असता तर चारही वाचल्या असत्या. याचा राग अजून गेलेला नाही. तिसऱ्या आठवड्यात टाकीच्या वहीत मी 'पैसे पाण्यात गेले, पुन्हा घेऊ नये' असं लिहून ठेवलं होतं.

ते मत मी बदललंय. महिन्याभराने दहा घेतल्या, पण आधी रॅस एका मित्राला दिला आणि कोळंब्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) हलवल्या. ओव्हरफ्लोच्या दातऱ्यावर आणि दोन्ही वेव्हमेकरवर जाड छिद्रांचा स्पंज बसवला. थेंबाथेंबाने टाकीचं पाणी घालत क्षारता जुळवली. दिवे गेल्यावर सगळे पंप तासभर बंद ठेवले आणि ड्रॉपरने एकेक बर्घिया आयपटेशियाच्या शेजारच्या फटीत सोडली.

पाचव्या रात्री लाल टॉर्चच्या उजेडात जे पाहिलं ते विसरणार नाही. एक बर्घिया खडकावरून आयपटेशियाच्या बुंध्यापाशी आली. डोक्यावरचा नारिंगी डाग स्पष्ट दिसत होता. तिने बुंध्याला तोंड लावलं, तसं आयपटेशिया आक्रसलं आणि पांढरे दंशाचे धागे बाहेर टाकले. ती मागे सरकली, पाठीवरचे झुबके ताठ करून दोन-तीन मिनिटं थांबली आणि पुन्हा त्याच जागी भिडली. आयपटेशियाच्या दंशपेशी ती पचवत नाही. झुबक्यांच्या टोकांत साठवून स्वतःच्या बचावाला वापरते. खाल्ल्यावर झुबके तपकिरी होतात, उपाशी असली की फिकट पडतात. ती पोटभर खातेय का हे ओळखायची हीच खूण.

तरी पुढचे दोन महिने टाकीत काही फरक दिसला नाही. दिवसा एकही नजरेला पडत नाही, सगळ्या खडकाखाली. सहाव्या आठवड्यात मागच्या काचेवर पांढऱ्या दोऱ्याची नाजूक गुंडाळी दिसली, तेव्हा जीव भांड्यात पडला. अंडी! प्रत्येक बर्घिया नरही असते आणि मादीही, त्यामुळे दोन भेटल्या की दोघीही अंडी घालतात. साधारण बारा-चौदा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. चौथ्या महिन्यात मोजायला बसलो तर आयपटेशिया निम्म्यावर. सहाव्या महिन्यात दर्शनी भागात एकही नाही आणि एकाही प्रवाळाला ओरखडा नाही.

जुने लेख वाचणाऱ्यांसाठी एक सांगतो. बरीच वर्षं ही 'बर्घिया व्हेरुकिकॉर्निस' या नावाने विकली जायची. 2005 साली फ्लोरिडातल्या नमुन्यांवरून तिचं वेगळी जात म्हणून वर्णन झालं आणि आता ती 'बर्घिया स्टेफनीए' म्हणून ओळखली जाते. जुन्या नावाखालची माहिती बहुतेक वेळा याच जिवाची असते.

दहा-बाराच आयपटेशिया असतील तर बर्घिया घेऊ नका. तेवढ्यात त्यांची पिढी उभी राहत नाही, उपाशी मरतील, सिरिंजच बरी. मजानो या दुसऱ्या उपद्रवी समुद्रफुलासाठीही घेऊ नका, ती त्याला तोंड लावत नाही. आयपटेशियाने टाकी भरली असेल तर मात्र एकदाच, पुरेशा संख्येने घ्या. माझी आता संपत आली तशी उपासमार नको म्हणून सहा बर्घिया दुसऱ्या एका हौशी मित्राच्या टाकीत पाठवल्या. उरलेल्यांसाठी बरणीत थोडी आयपटेशिया वाढवतोय, ज्यांच्यावर सहा महिने चिडलो तीच.

स्पंजाचा त्रास आहेच. तीन दिवसांत तो गाळाने भरतो, ओव्हरफ्लोचं पाणी चढायला लागतं आणि धुवावाच लागतो. नळाखाली धरू नका. टाकीचंच पाणी बादलीत घेऊन हलक्या हाताने पिळा आणि ते पाणी टॉर्च लावून बघा, कारण पिल्लं स्पंजावर चढून बसतात. आज सकाळच्या बादलीत तांदळाच्या दाण्याएवढी दोन निघाली. परत सोडली, स्पंज लावल्यावर.