पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन ‘नवं’ करून देणाऱ्यांपासून सावध

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनचं काम ‘फुल ओव्हरहॉल’मध्ये करून देतो, माल सगळा कंपनीच्या जुन्या स्टॉकमधला, असं कुणी सांगत असेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाचा. पुण्यातल्या एका गॅरेजने वडिलांच्या १९८६ च्या पद्मिनीचं हेच काम ३४,००० रुपये घेऊन केलं. किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती), बुश (त्या पिनेभोवतीची धातूची नळी), स्प्रिंगा, रबरं, टायरॉड एन्ड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा), सगळं बदलल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात बदलले होते फक्त टायरॉड एन्ड आणि एका बाजूची किंगपिन, आणि ती पिनही वापरण्यालायक नव्हती.

ही फसवणूक आता का वाढली आहे, तेही सांगतो. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी धावत होत्या तोवर तिच्या किंगपिनला रोजचं गिऱ्हाईक होतं. माल खपायचा, आणि खराब निघाला तर टॅक्सीवाला दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन उभा राहायचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी निघणं कधीच थांबलं आणि शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता गिऱ्हाईक म्हणजे आपल्यासारखे हौशी लोक. गाडी महिन्यातून एकदोनदा बाहेर काढणारे, आणि जुन्या छापाचं खोकं दिसलं की मागेल तो भाव देणारे. छापील खोकं मात्र कुणालाही करून घेता येतं.

गाडी घरी आली तेव्हा स्टिअरिंग एकदम घट्ट आणि छान लागत होतं. महिन्याभरात पुढचं चाक साठच्या वेगाला थरथरू लागलं. ‘साहेब, नवीन माल आहे, सेट व्हायला वेळ लागतो,’ हे उत्तर मिळालं. नंतर ‘अलाइनमेंट करून घ्या.’ नंतर फोनच उचलेनात.

शेवटी भोसरीत लेथचं काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी डावीकडची पिन ठोकून काढली. पिनेभोवती पत्र्याची पातळ पट्टी गुंडाळलेली होती. ग्रीस पुसल्यावर तिच्यावर तेलाच्या डब्याची लाल-पिवळी छपाई स्पष्ट दिसली. पिन जुनीच, झिजून एका अंगाने चपटी झालेली. तिच्याभोवतीची फट पत्र्याने भरली होती आणि वरून ग्रीस ठासलं होतं. गाडी सुरुवातीला चांगली चालली ती एवढ्यामुळेच.

उजवीकडची पिन नवी होती. मिस्त्रींनी तिच्यावर कानस चालवली. ‘दादा, हे बघा,’ म्हणाले. कानस लोखंडात सरळ रुतत होती. चांगल्या किंगपिनचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, त्याच्यावरून कानस घसरते. ही पिन साध्या गजातून कातून काढलेली. बुशमध्ये ती जात नव्हती म्हणून पिनच पॉलिश पेपरने घासून बारीक केली होती. योग्य पद्धत याच्या उलट आहे: वरचा आणि खालचा बुश आधी बसवायचे, मग दोन्हींतून एका रेषेत रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवून पिनेच्या मापाला आणायचे. त्या गॅरेजमध्ये रीमर तरी होता का, मला शंका आहे. स्प्रिंगांना काळा रंग फासला होता आणि बसलेली गाडी उंच दिसावी म्हणून वेटोळ्यांत रबराचे तुकडे कोंबले होते.

किंगपिन निसटली तर पुढचं चाक आडवं होतं. या गाडीत आई-वडील बसतात. त्यामुळे पैशांपेक्षा मला याचाच जास्त संताप आहे.

तुमचं काम चालू असेल तर पिन बसवण्याआधी तुमच्यासमोर तिच्यावर टोकाला कानस लावून बघा आणि रीमिंग कुठे होणार ते विचारा. जुने भाग एकूण एक परत मागा. ‘भंगारात टाकले’ हे उत्तर आलं तर उरलेले पैसे देऊ नका. बिलावर ‘सस्पेन्शन काम’ एवढंच नको, प्रत्येक भाग नावानिशी हवा. माझं बिल पक्कं होतं आणि त्यात ‘किंगपिन सेट २ नग’ लिहिलेलं होतं, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता आली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन केला तर पुढची वाट सांगतात. काढलेल्या पिना आणि ती पट्टी जपून ठेवा, तारखेसकट फोटो काढा, आणि ज्याने दोष शोधला त्याच्याकडून लेखी घ्या.

अलीकडे असं काम करून घेतलं असेल तर गाडी महामार्गावर नेण्याआधी पुढचं चाक जॅकवर उचला, खाली घोडी (गाडी तोलून धरणारा स्टँड) लावा. चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा आहे. तरीही हलत असेल तर किंगपिन किंवा बुश गेलेत, आणि गाडी तिथेच उभी ठेवा. स्प्रिंग मात्र स्वतः काढायला जाऊ नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.