कॉपर-टी, आठ महिन्यांनंतर: तक्रार एकाच धाग्याची

कॉपर-टी हे गर्भाशयात बसवायचे गर्भनिरोधक साधन मला सरकारी रुग्णालयात एक रुपयाही न घेता बसवून मिळाले, पण ते जागेवर आहे एवढेच कळण्यासाठी मागच्या आठवड्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीचे १,२०० रुपये भरावे लागले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. कारण एकच: साधनाच्या टोकाला असलेला, मासिक पाळीनंतर तपासायचा धागा बोटाला लागत नव्हता.

मुलगी दीड वर्षाची असताना मी रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या घेत होते आणि महिन्यातून दोन-तीनदा तरी विसरत होते. ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची, म्हणजे वार लक्षात ठेवणे आलेच. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदाच असते, पण ते थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर होऊ शकतो. आम्हाला तीन-चार वर्षांनी दुसरे मूल हवे आहे, म्हणून यजमानांच्या नसबंदीचा विचारही मागे ठेवला. कॉपर-टी काढली की गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते, आणि अपयशाचे प्रमाण वर्षाला शंभरात एकाहूनही कमी असते. माझ्या कॉपर-टीच्या ‘३८० ए’ या नावातला आकडा तांब्याच्या पृष्ठभागाचा आहे, चौरस मिलिमीटरमध्ये. त्या तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात. ती दहा वर्षे चालते.

तिसऱ्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता, तर कोणीही बसवू नये असेच लिहिले असते. पाळी आठ दिवस चालत होती, पोटात कळा येत होत्या आणि हिमोग्लोबिन १०.४ वर उतरले होते. पहिले तीन ते सहा महिने असे होऊ शकते, हे रुग्णालयात सांगितले होते, पण अंगावर आल्याशिवाय त्याचा अर्थ कळला नाही. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. पाचव्या महिन्यापासून रक्तस्राव ओसरला आणि आता पाच दिवसांत पाळी संपते, त्यामुळे ते मत मी मागे घेतले आहे.

धाग्याबद्दलचे मत मात्र बदललेले नाही. बसवल्यानंतर धागा साधारण तीन सेंटिमीटर ठेवून कापतात, म्हणजे तो मऊ होऊन गर्भाशयाच्या मुखाभोवती वळतो. माझा आखूड कापला गेला. आखूड टोक ताठ राहते, आणि यजमानांना सुरुवातीचे दोन महिने ते टोचत होते; संकोचामुळे त्यांनी ते सांगायलाही बराच वेळ घेतला. पुढे तर मलाच तो सापडेनासा झाला. दवाखान्यात आतून तपासणी न करताच ‘वर सरकली असेल’ असे सांगून थेट सोनोग्राफी लिहून दिली. अहवालात कॉपर-टी अगदी जागेवर होती.

परवा त्याच सरकारी रुग्णालयात गेले, तेव्हा तिथल्या सिस्टरांनी उपकरण लावून मिनिटभरात धागा दाखवला आणि पैसे घेतले नाहीत. जी तपासणी आधी करायला हवी होती, ती शेवटी झाली. ज्या कोणी बसवायला जातील, त्यांनी धागा कापण्याआधी त्याची लांबी विचारावी आणि कार्डावर लिहून घ्यावी. माझ्या कार्डावर ती आता लिहिली आहे: दीड सेंटिमीटर.