रूळ, गाडा आणि हातविंच : पाण्याकाठच्या घरी छोटी मोटरबोट, हंगामभराच्या वापरानंतर

बोट १४ फुटी, ॲल्युमिनियमची, उघडी. मागे बाहेरून टांगलेलं १५ हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. काठावरच्या जागेपासून पाण्यात उतरणारे गॅल्व्हनाइज्ड रूळ, त्यावर चार चाकांचा गाडा आणि वरच्या टोकाला ब्रेकवालं हातविंच, म्हणजे हँडल फिरवून दोर ड्रमवर गुंडाळत गाडा वर ओढायचं यंत्र. महिनोन् महिने वापरल्यावर मत असं झालंय की या वजनाच्या बोटीला हीच मांडणी सगळ्यात कमी कटकटीची आहे. मात्र विंच घेताना लोक जेवढा कीस पाडतात, तेवढा रुळाच्या पाण्यातल्या टोकाचा पाडला तर निम्म्या तक्रारी उरणारच नाहीत.

आधी वजनाचा हिशेब. रिकामी बोट १०० किलोच्या आसपास, चार-स्ट्रोक इंजिन ५० च्या आतबाहेर, २५ लिटरची भरलेली टाकी २० च्या वर, आणि बॅटरी, नांगर, दोर, जॅकेटं, वल्ही मिळून आणखी ४०-५०. गाडा धरला तर एकूण २८० किलो. ६ फुटांना १ फूट असा उतार असेल, तर ओढ साधारण वजनाच्या सहाव्या भागाची. चाकांचं घर्षण मिळवून ७० किलो. उतार ४ ला १ असेल तर ९० च्या वर. हातविंचला दोन्ही किरकोळ. फक्त एक ध्यानात ठेवायचं: विंचवर लिहिलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. दोर गुंडाळत गेला की ड्रम जाड होतो आणि तीच ओढ काढायला हँडलवर जास्त जोर लागतो. म्हणून ५०० किलोच्या पुढचं घ्यावं. १२ मीटर ओढायला हँडल दोनशेच्या आसपास वेळा फिरतं. वैताग येतो, पण त्यासाठी इलेक्ट्रिक विंच, वायरिंग आणि आणखी एक बॅटरी सांभाळण्यात काही अर्थ नाही.

ब्रेकवालंच विंच घ्या, यात तडजोड नको. नुसत्या खटक्याच्या विंचला बोट खाली सोडताना खटका उचलावा लागतो आणि हात निसटला तर हँडल पंख्यासारखं फिरतं. मनगट मोडायला तेवढं पुरे. ब्रेकवाल्यात हात सोडला की गाडा जागच्या जागी थांबतो. त्याचीही एक खोड आहे: समोर ओढ नसेल तर दोर सुटत नाही, नुसता ड्रमवर सैल होतो. रिकामा गाडा पाण्यात जाताना हे हमखास होतं. पायाने ढकलत न्यावा लागतो. लाकडी गाडा तर तरंगायलाच लागतो, म्हणून गाडा गॅल्व्हनाइज्ड पाइपचा. ब्रेकच्या चकत्यांना तेल-ग्रीस कधीच लावायचं नाही. गिअरच्या दात्यांना वंगण, चकत्या कोरड्या.

दोर म्हणजे ५ मिलिमीटरची वायर. पट्टा हाताला बरा, पण एवढ्या अंतराचा पट्टा छोट्या ड्रमवर मावत नाही. वायरचे तुटके तंतू सुईसारखे घुसतात, तेव्हा हातमोजे हवेतच. शेवटपर्यंत सोडल्यावरही ड्रमवर ३ वेढे उरले पाहिजेत, नाहीतर सगळा भार टोकाच्या क्लॅम्पवर येतो.

आता रुळाचं खालचं टोक. ६ ला १ उतारावर पाण्याची पातळी १ फूट उतरली की पाण्याची कड ६ फूट मागे सरकते. उन्हाळ्यातला तलाव असो की ओहोटी, कोरड्या पडलेल्या रुळाच्या टोकाला बोट अडकते ती याच गणितामुळे. मोजमाप भरलेल्या पाण्यात घेऊन उपयोग नाही. सगळ्यात खालच्या पातळीला मागच्या चाकांपाशी निदान ७५ ते ९० सेंटिमीटर पाणी उरायला हवं, कारण गाडा उतारावर तिरका असतो. बोटीची मागची बाजू तरंगली तरी पुढचं टोक गाड्याच्या फळ्यांवर टेकलेलंच राहतं. खाऱ्या पाण्यात ही पातळी उधाणाच्या वेळच्या ओहोटीची धरायची, त्या दिवसांत पाणी सगळ्यात खोल उतरतं. काठावर आणि पाण्याखाली काहीही बसवण्याआधी जिथली परवानगी तिथे घ्यावीच लागते, रुळाची लांबी ठरवून ती एकदाच मागितलेली बरी.

रूळ म्हणून उलटा अँगल, म्हणजे धार वर, आणि खाचेची चाकं हे चॅनेलपेक्षा, म्हणजे पन्हळीसारख्या लोखंडी पट्टीपेक्षा, कितीतरी सरस. चॅनेलमध्ये खडी साचते आणि एक सुपारीएवढा दगडही गाडा अडवतो. उलट्या अँगलवरून वाळू आपोआप घसरते. सांध्यावर दोन तुकड्यांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त पायरी राहिली तर चाक प्रत्येक वेळी धडकतं आणि पाण्याखालचे बोल्ट हळूहळू ढिले होतात. चाकांना नायलॉनच्या बुश, म्हणजे आसावर बसणाऱ्या नळ्या, बऱ्या. त्यात ग्रीस भरलं तर वाळू चिकटून त्याचं पॉलिश पेपरसारखं काम सुरू होतं. नुसतं पाण्याने धुवावं.

टोकापाशी खड्डा पडतो तो लाटांमुळे कमी आणि इंजिनमुळे जास्त. परतताना इंजिनच्या जोरावर बोट गाड्यावर चढवायची सवय वाईट. पंख्याचा झोत रुळाखालची माती उकरतो, मागे तिचा ढीग करतो; मग रुळाचं टोक अधांतरी लोंबतं आणि ढिगाऱ्यावर पंखा घासतो. इंजिन बंद करून वर उचलायचं आणि बोट दोराने ओढायची. गाड्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर ३-४ फुटी उभे पाइप लावून त्यांवर सैल प्लास्टिकचे पाइप चढवले, की आडव्या वाऱ्यातही बोट बरोबर मधे येते. हे पाइप नसतील तर दोन माणसं लागतात, असतील तर एक पुरतो.

बोट उतरवताना क्रम असा: बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच घट्ट, इंजिन वर उचलून लॉक, पुढच्या कडीला वेगळा लांब दोर आणि त्याचं टोक काठावरच्या खुंटीला. विंचची वायर आधी ताणायची, मगच सुरक्षा साखळी काढायची. विंचचा हूक गाड्याला लावायचा, बोटीला नाही. बोट गाड्याला आखूड पट्ट्याने बांधलेली असते. तो पट्टा बोटीची मागची बाजू तरंगल्याशिवाय सोडला, तर बोट उतारावरच गाड्यावरून घसरते. अर्ध्यात थांबायचं नाही. मागची बाजू पाण्यात पण अजून फळ्यांवर टेकलेली, अशा अवस्थेत ती लाटेबरोबर उचलली जात नाही आणि बोटीच्या १५ इंची मागच्या भिंतीवरून पाणी थेट आत येतं. लाटा काठावर सरळ येत असतील तर त्या दिवशी बोट वरच बरी.

बुचासाठी उपाय साधा: बोट वर आली की बूच काढून किल-स्विचच्या, म्हणजे इंजिन झटकन बंद करायच्या स्विचच्या, दोरीलाच अडकवायचं. ती दोरी घेतल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, त्यामुळे बूच नजरेआड होत नाही. वर ठेवताना पुढचं टोक उंच आणि बूच काढलेलं, हे पावसासाठी. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. बोटीचं उघडं तोंड ५ चौरस मीटर धरलं तर ४० मिलिमीटरला २०० लिटर, म्हणजे २०० किलो. बोटीचं वजन जवळजवळ दुप्पट. ताडपत्री टाकायची तर मधे आडवा पाइप देऊन घरासारखा उतार काढायचा, नाहीतर तिच्यातच तळं होतं.

गाड्याच्या फळ्यांबद्दल मात्र सावध. वाळवी-बुरशी लागू नये म्हणून तांब्याची संयुगं मुरवलेलं लाकूड मिळतं. ते ॲल्युमिनियमच्या बोटीखाली नको. फळीवर कार्पेट, कार्पेटमध्ये ओल, ओलीत तांबं. काही आठवड्यांत तळाला फळीच्या रेषेत पांढरी भुकटी दिसते, ती नखाने खरवडली की खाली टाचणीच्या टोकाएवढे खळगे. बाहेरून रंग लावून हे थांबत नाही. साधं लाकूड घ्यावं आणि वर कार्पेटऐवजी गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या माराव्यात. त्यावर बोट कार्पेटपेक्षा सहज घसरते, म्हणून पुढचा पट्टा आणखीच महत्त्वाचा.

मुक्कामी ठेवताना भार विंचवर टांगता ठेवायचा नाही. गाड्यापासून जमिनीतल्या कडीला साखळी, चाकांना पाचर, आणि वादळी दिवसांत बोटीवरून दोन पट्टे जमिनीतल्या मेखांना. रिकामी ॲल्युमिनियमची बोट जोराच्या वाऱ्यात उलटते, आणि उलटताना इंजिनासकट उलटते. इंजिन उभ्या स्थितीत ठेवलं की आतलं पाणी निथळतं. गोठणाऱ्या थंडीत हेच राहिलेलं पाणी खालची गिअरपेटी फोडतं. खारं पाणी असेल तर दर वेळी गोड्या पाण्याने ५-१० मिनिटं धुणं आलंच. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलंय, पुढचा हंगाम उजाडेपर्यंत थांबू नका.

हंगाम संपल्यावर पाण्यातले रुळाचे शेवटचे दोन तुकडे काढून काठावर घ्यावेत. बर्फ त्यांना वाकवतो, पूर वाहून नेतो. सांध्यांवर दोन्ही बाजूंना रंगाने एकच आकडा टाकून ठेवा आणि बोल्ट गॅल्व्हनाइज्डच वापरा. काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच तुकड्याच्या भोकात नट लावून परत अडकवला, की पुन्हा बसवताना गुडघाभर पाण्यात शोधाशोध होत नाही.