सेवा चोख, माप खोटं: ब्रिटनमधल्या मतदानाचा अनुभव

पाचपैकी दोन स्टार. त्यातला दीड केंद्रावरच्या माणसांना.

आधी गिऱ्हाइकाची ओळख. मी सांगलीची. २०२२ साली इकडे इंग्लंडमधल्या थेटफर्डला आले, एका केअर होममध्ये काम करते. इथलं नागरिकत्व नाही, पण राष्ट्रकुलातल्या देशाची आणि रीतसर व्हिसावर राहणारी, म्हणून मतदारयादीत नाव घालता येतं. हे मलाही इथे आल्यावरच कळलं.

४ जुलै २०२४ला इथल्या संसदेची निवडणूक होती, रात्रपाळी उतरून तशीच केंद्रावर गेले. सकाळी सात ते रात्री दहा चालू असतं, म्हणजे शिफ्टवाल्यांची सोय आहे. ओळखपत्र म्हणून आपला निळा पासपोर्ट चालला. दाराशी एक कुत्रा मालकाची वाट बघत बसलेला. आत ना रांग, ना पोलीस, ना बोटाला शाई (मग फोटो कशाचा टाकायचा?). कागदाची मतपत्रिका, दोरीला बांधलेली पेन्सिल, एक फुली मारा आणि पेटीत टाका. तीन मिनिटांत बाहेर. इथवर पैकीच्या पैकी गुण.

गडबड त्या एका फुलीत आहे.

कारण याहून बरा माल मी सांगलीत वापरलाय. डिसेंबर २०२०, विधान परिषदेचा पुणे पदवीधर मतदारसंघ. साठच्या वर उमेदवार, मतपत्रिका वर्तमानपत्रासारखी पसरायची. हातात जांभळा स्केचपेन देतात आणि आवडीच्या क्रमाने १, २, ३ लिहायचं. पहिल्या मतांत कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत, तर तळाचे एकेक बाद होतात आणि त्यांची मतं पुढच्या पसंतीला जातात. आमच्या भावोजींनी आकड्यांच्या भानगडीत न पडता बरोबरची खूण केली, म्हणजे मत बाद. एम.कॉम. आहेत. पण तो दोष भावोजींचा, पद्धतीचा नव्हे.

इथे दुसरी पसंती लिहायला जागाच नाही. त्यामुळे आठवडाभर आधीपासून केअर होमच्या स्वयंपाकघरात चर्चा एकच: कोण आवडतं ते सोड, कोण कुणाला पाडू शकेल ते बघ. भाजी घ्यायला गेलं आणि शेजारणीला काय नको त्यावरून आपली पिशवी भरली, असला प्रकार.

आमचा मतदारसंघ साउथ वेस्ट नॉरफक, माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांचा. १९६४पासून इथे त्यांचा हुजूर पक्षच जिंकत आलेला. २०१९मध्ये त्यांचं मताधिक्य २६ हजारांवर होतं. २०२४ला त्या ६३० मतांनी पडल्या. मी टीव्हीपुढे बसून होते. निकाल जाहीर व्हायचा तर बाई मंचावर लवकर येईनात, लोक कंटाळून संथ टाळ्या वाजवायला लागले. मजा आली, खोटं कशाला बोलू. मग चहा घेताना आकडे नीट वाचले. मजूर पक्षाचे टेरी जर्मी ११,८४७, ट्रस ११,२१७, रिफॉर्म पक्ष ९,९५८, अपक्ष ६,२८२, बाकी किरकोळ. जिंकणाऱ्याला २६.७ टक्के! शंभरातल्या त्र्याहत्तर जणांनी दुसऱ्या कुणाला मत दिलेलं, त्यात मीही. कुणाला दिलं ते सांगणार नाही, पण माझी फुली कुणाच्याच कामी आली नाही. जर्मींवर राग नाही, थेटफर्डचाच माणूस आहे. क्रम लिहायला दिले असते तर कदाचित तेच निवडून आले असते. पण मग ते निम्म्यांहून जास्त लोकांचे असते.

देशाचा हिशेब तर आणखी अजब. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं आणि ६५०पैकी ४११ जागा. रिफॉर्मला ४१ लाख मतं आणि खासदार ५. लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, ३५ लाख, आणि खासदार ७२! म्हणजे मजूर पक्षाचा एक खासदार साधारण २३,६०० मतांत पडला आणि रिफॉर्मचा ८ लाख २३ हजारांत. आता, रिफॉर्म हा माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांवर खार खाणारा पक्ष. त्यांना पाचच मिळाल्या म्हणून मला आतून बरंच वाटलं. पण माझ्या आवडीच्या गिऱ्हाइकासाठी वाण्याने काटा मारला, तर तो काटा खरा कसा म्हणू? आपल्याकडेही हाच काटा. २०१४ला बसपाला देशभरात सव्वादोन कोटींवर मतं पडली आणि लोकसभेत एकही जागा नाही.

बदलून मिळत नाही का? २०११मध्ये इथे सार्वमत झालं, आमच्या पदवीधरसारखेच क्रम लिहायचे का म्हणून. जवळपास ६८ टक्के ‘नको’ म्हणाले. सोबतची एक जण म्हणते, फार किचकट होतं. (भावोजी आठवले.) पण याच देशात उत्तर आयर्लंडचे लोक आपल्या विधानसभेला क्रम लिहून मत देतात, स्कॉटलंडच्या नगरपालिकांत २००७पासून तेच चालतं. तिथल्या लोकांचं डोकं काही वेगळं नसेल. उलट इंग्लंडमध्ये महापौरांसाठी दुसरी पसंती होती, तीही २०२२च्या कायद्याने काढून घेतली.

गावात थॉमस पेनचा सोनेरी पुतळा आहे. तो इथलाच, १७३७चा जन्म. त्याच्या काळात थेटफर्डला जेमतेम तीसेक मतदार आणि खासदार दोन, तर अख्ख्या मँचेस्टरला एकही नाही. माणसांच्या हक्कांवर लिहिणारा माणूस. पुतळ्याच्या हातात त्याचंच पुस्तक आहे, तेही उलटं धरलेलं.

परवा दुपारच्या चहाला नऊ आजी-आजोबा आणि बिस्किटांचा एकच डबा आणायचा होता. म्हटलं, दाखवूच. कागदाच्या नॅपकिनवर १, २, ३ लिहायला दिलं. कस्टर्ड क्रीम चार, बूरबन तीन, डायजेस्टिव्ह दोन. इथल्या पद्धतीने कस्टर्ड क्रीम जिंकलं असतं. डायजेस्टिव्ह बाद केलं, त्या दोघांची दुसरी पसंती बूरबन, झाले पाच. कस्टर्ड क्रीमवाल्या आजींनी ताबडतोब फेरमोजणी मागितली. केली. पुन्हा पाच-चारच आलं. तोवर आजींनी जुन्या डब्यातली शेवटची दोन कस्टर्ड क्रीम संपवली होती.