दुसऱ्या कंपनीचा एचएमआय एस७-१२०० ला जोडला, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या पॅकिंग लाइनवर सीमेन्सचा एस७-१२०० पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आहे आणि त्याला दुसऱ्या कंपनीचं १० इंची टच पॅनल, म्हणजे एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन), जोडलंय. आठ महिने तीन शिफ्टमध्ये चालतंय, स्क्रीन, टच, ट्रेंड, रेसिपी यात काही खोट काढण्यासारखं नाही. त्रास झाला तो सगळा जोडणीत, म्हणून त्यावरच लिहितोय, कारण पॅनलच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रायव्हरच्या (पीएलसीशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लिस्टमध्ये आपल्या पीएलसीचं नाव दिसलं की काम झालं असं वाटतं आणि तिथेच फसायला होतं.

पहिल्या दिवशी पिंग जात होतं, रॅक ०, स्लॉट १ (पॅनलमध्ये भरायची सीपीयूची जागा) बरोबर होतं, पोर्ट १०२ उघडा होता, तरी स्क्रीनवर नुसती कम्युनिकेशन एरर. पीएलसीच्या प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये पुट-गेट ॲक्सेसची (बाहेरच्या उपकरणाने पीएलसीतला डेटा वाचण्या-लिहिण्याची) परवानगी असते, ती टिक केलेली नव्हती. टिक केल्यावर हार्डवेअर कॉन्फिगरेशन डाउनलोड करावं लागतं आणि त्यासाठी सीपीयू स्टॉपला जातो, म्हणजे चालू लाइनवर हे होत नाही, आधी बंद वेळ मागून घ्या. आणि हो, पुट-गेटला पासवर्ड वगैरे काही नसतो, नेटवर्कवर असलेला कुणीही वाचू-लिहू शकतो, त्यामुळे मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवाच.

दुसरी गोष्ट डीबीची, म्हणजे पीएलसीतल्या डेटा ब्लॉकची. आमचा ड्रायव्हर थेट पत्त्यावरून वाचतो, त्यामुळे त्या डीबीचं ऑप्टिमाइझ्ड ॲक्सेस (त्यात मूल्यांना ठरलेला पत्ता नसतो) काढावं लागतं. ते केलं आणि दोन महिने छान चाललं. मग एकदा प्रोग्रॅममध्ये डीबीच्या मधोमध एक इंट (२ बाइटचा पूर्णांक) वाढवला, डाउनलोड केला, आणि सीलिंगचं तापमान स्क्रीनवर भलतंच दिसायला लागलं. मी सेन्सर तपासला, वायर तपासली, मॉड्यूल बदलायला काढलं, आणि कारण एवढंच की खालचे सगळे ऑफसेट (डीबीतले पत्ते) २ बाइट सरकले होते, डीबीडी २४ चा डीबीडी २६ झाला होता आणि पॅनल बिचारं अजून २४ च वाचत होतं. वाचण्यात चूक झाली ते ठीक, पण त्याच पत्त्यावर ऑपरेटरने सेटपॉइंट लिहिला असता तर भलत्याच जागी गेला असता. तेव्हापासून पॅनलसाठी डीबीच वेगळा केलाय, त्यात मोकळी जागा राखलीय आणि नवीन काही आलं तर शेवटीच जोडतो, मध्ये कधीच नाही. याचा एक फायदा असा झाला की टॅग (पॅनल वाचतं ती मूल्यं) सलग आल्यामुळे पॅनलला कमी वेळा विचारावं लागतं आणि आधी स्क्रीन जी रेंगाळायची ती थांबली.

पॅनलच्या आरएस-४८५ पोर्टवर एक टेम्परेचर कंट्रोलरही घेतलाय, मॉडबस आरटीयू या प्रोटोकॉलवर. कंट्रोलरवर सेटपॉइंट ५०.० होता आणि पॅनल शून्य दाखवत होतं. हा आकडा ज्या दोन रजिस्टरांत (१६ बिटांच्या जागांत) येतो ती दोन्ही साध्या आकड्यात स्क्रीनवर टाकून बघितली तर एकात १६९६८ आणि दुसऱ्यात ०. ५०.० हा फ्लोट (दशांश संख्या) हेक्समध्ये ४२४८०००० होतो आणि ४२४८ म्हणजेच १६९६८, म्हणजे डेटा बरोबर येत होता, फक्त दोन वर्ड (रजिस्टरं) उलटे जुळत होते. टॅगमध्ये वर्ड स्वॅप टिक केलं आणि झालं. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलं असेल तर प्रत्यक्ष वायरवर ० जातो, हे पण आधी बघून घ्या, एकाचा फरक पडला की बाजूचं रजिस्टर वाचलं जातं आणि आकडा खरा वाटेल असा असला तर लवकर लक्षातही येत नाही. आणि ९६०० बॉडवर १२५ रजिस्टरचं एक उत्तर यायलाच जवळजवळ ०.३ सेकंद लागतो, तेव्हा जे स्क्रीनवर लागतं तेवढंच मागवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सहाव्या महिन्यात ऑपरेटर जॉगचं (दाबून धरलं तोवरच बेल्ट चालवणारं) बटण दाबून धरून बेल्ट पुढे घेत होता आणि नेमका त्याच वेळी पॅनलमागचा इथरनेटचा कनेक्टर हलला. बटण सोडलं पण शून्य लिहायला जोडणीच नव्हती, पीएलसीतला बिट १ च राहिला, बेल्ट चालूच. त्याने लगेच इमर्जन्सी स्टॉप मारला, तो हार्डवायर्ड (स्क्रीनवरून नाही, थेट वायरने जोडलेला) आहे म्हणून बेल्ट थांबला, कुणाला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. इमर्जन्सी स्टॉप स्क्रीनवर कधीही घेऊ नका, कुणी कितीही म्हटलं तरी.

त्यानंतर हार्टबीट, म्हणजे जोडणी जिवंत असल्याची खूण, टाकला. पॅनल दर सेकंदाला एक बिट बदलतं, पीएलसी त्यावर टायमर लावून बसलाय, ३ सेकंद बदल दिसला नाही की जॉगचे सगळे बिट शून्य आणि अलार्म. आता पॅनलचा किंवा पीएलसीचा कुठलाही डाउनलोड झाला की बेल्ट रिकामा करून मी जॉग दाबून धरतो, दुसऱ्याला केबल काढायला सांगतो आणि तोंडाने मोजतो. तीन म्हणेपर्यंत बेल्ट थांबला तरच लाइन प्रॉडक्शनला देतो.