२ टीबीच्या डिस्कमध्ये निघाले ६४ जीबीचे मेमरी कार्ड

सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्डिंग करण्यासाठी २ टीबीची हार्ड डिस्क म्हणून मला जे विकले गेले, त्याच्या आवरणात ६४ जीबीचे एक मेमरी कार्ड, ते वाचणारे छोटेसे सर्किट आणि हाताला वजन जाणवावे म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा होता. अस्सल डिस्कला जेवढे पैसे पडतात त्याच्या निम्म्याहून अधिक मी मोजले होते, तेव्हा ‘स्वस्ताच्या मोहात पडलात’ असे मला ऐकवणाऱ्यांनी तेवढे लक्षात घ्यावे.

हा प्रकार असा चालतो. कार्डाच्या कंट्रोलरमधील, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपमधील, माहिती बदलली की ते स्वतःची क्षमता २ टीबी सांगू लागते आणि बॉक्सही ते खरे मानतो. एचडी वाहिनीचा वेग सेकंदाला ८ मेगाबिट धरला, तर तासाला ३.६ जीबी जागा लागते. म्हणजे पहिले साधारण साडेसतरा तास सगळे सुरळीत चालते. त्यापुढचे कार्यक्रमही नाव, तारीख आणि कालावधीसह यादीत दिसतात, कारण फॅट३२ या डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत या नोंदींचा तक्ता डिस्कच्या सुरुवातीलाच असतो. प्रत्यक्ष लावले की मात्र काळा पडदा. रोज एखादा तास रेकॉर्ड करणाऱ्याच्या हे लक्षात येईपर्यंत वस्तू परत करण्याची मुदत उलटलेली असते, आणि विक्रेत्याचा सगळा हिशेब त्यावरच बेतलेला असतो.

खरे तर पहिल्याच दिवशी कळायला हवे होते. डिस्क जोडताच बॉक्सने ‘फॉरमॅट करायची का?’, म्हणजे पुसून नव्याने तयार करायची का, असे विचारले आणि मी ‘नाही’ निवडले, कारण खोक्यातल्या चिठ्ठीवर ‘डिस्क तयार करून दिली आहे, पुन्हा फॉरमॅट केल्यास वॉरंटी रद्द’ असे छापलेले होते. कोणता प्रामाणिक विक्रेता अशी अट घालील? कितीतरी बॉक्स तर स्वतः फॉरमॅट केल्याशिवाय डिस्क स्वीकारतच नाहीत. पाठोपाठ ‘डिस्कचा वेग कमी आहे’ ही सूचनाही आली. डिस्क फिरल्याचा आवाज नव्हता, हाताला कंप लागत नव्हता. आठवले की अजूनही संताप होतो. पण रेकॉर्डिंग चालू होते, पहिला चित्रपट न अडखळता दिसला होता, आणि यूएसबी २.० पोर्टची ५०० मिलिअँपिअर वीज काही डिस्कना अपुरी पडते हे माहीत असल्यामुळे मी दोष पोर्टला दिला. चालणारी डिस्क फोडून कोण बघतो?

विक्रेत्याने खापर बॉक्सवर फोडले, तर बॉक्सच्या मदत केंद्राने डिस्कवर. खरेदीच्या संकेतस्थळाने मुदत संपल्याचे सांगितले, आणि आतली छायाचित्रे पाठवल्यावर ‘आवरण उघडल्यामुळे वॉरंटी संपली’ असे कळवले. म्हणजे उघडली नाही तर पुरावा नाही आणि उघडली तर हक्क नाही! पोलिसांच्या सायबर विभागाच्या मते वस्तू हातात मिळाली असल्याने ही फसवणूक नसून ग्राहक तक्रार आहे. ग्राहक तक्रारी घेणाऱ्यांना तज्ज्ञाचा अहवाल हवा होता, आणि तो कोणाकडून आणायचा हे विचारल्यावर ‘ते तुमचे तुम्ही बघा’ असे उत्तर मिळाले. कार्डावर ६४ हा आकडा छापलेला आहे. तो वाचायला कोणता तज्ज्ञ लागतो?

डिस्क बॉक्सला लावण्याआधी संगणकावर तपासा. विंडोजचा टीबी उत्पादकाच्या टीबीपेक्षा मोठा असल्याने अस्सल २ टीबी डिस्क तिथे सुमारे १.८१ टीबी दिसते, माझी १.९९ दिसत होती. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या मोफत प्रोग्रॅमने डिस्क पूर्ण भरून पुन्हा वाचून घ्या. सेकंदाला २० मेगाबाइट वेगाने २ टीबी नुसते भरायलाच सत्तावीस तासांहून अधिक लागतात, तरीही हे परतीच्या मुदतीतच उरका. निकालाचे छायाचित्र तक्रारीला जोडा आणि तोवर आवरणाला हात लावू नका. पैसे डेबिट किंवा क्रेडिट कार्डाने दिले असतील, तर संकेतस्थळाच्या उत्तराची वाट न पाहता बँकेकडे त्या व्यवहाराविरुद्ध लेखी तक्रार नोंदवा. त्यालाही मुदत असते, आणि ती मला कोणीही सांगितली नाही.